सक्तीचा तास

१३ जुलै १८३० रोजी कलकत्त्याच्या चितपूर रस्त्यावरील फिरंगी कमल बोस यांच्या घरात एक शाळा सुरू झाली. ती काढणारे अलेक्झांडर डफ अवघे चोवीस वर्षांचे होते. स्कॉटलंडहून येताना त्यांचे जहाज दोनदा फुटले. सुमारे ८०० ग्रंथांचा संग्रह समुद्रात गेला आणि बायबल तेवढे किनाऱ्याला लागले, ही हकीकत त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. शाळेसाठी घर मिळवून दिले ते राममोहन राय यांनी, आणि पहिले विद्यार्थीही त्यांनीच आणले. पहिल्या दिवशी मुलांच्या हाती बायबलची पुस्तके देण्यात आली तेव्हा वर्गात कुजबुज सुरू झाली. हे तर ख्रिस्त्यांचे शास्त्र. ते आम्ही का वाचावे? राममोहन तेथे हजर होते. त्यांनी मुलांची समजूत घातली ती अशी की, होरेस विल्सन यांनी हिंदूंची शास्त्रे वाचली म्हणून ते हिंदू झाले नाहीत. आपण स्वतः कुराण वाचले, बायबलही वाचले, म्हणून मुसलमान वा ख्रिस्ती झालो नाही. वाचा, आणि मग तुमचे तुम्ही ठरवा.

भारतातील ख्रिस्ती उच्चशिक्षणात पुढे सव्वाशे वर्षे जो वाद चालला, तो या प्रसंगात बीजरूपाने आलेला आहे. पुस्तक देणाऱ्याचा हेतू एक होता, ते घ्यायला सांगणाऱ्याचा दुसरा, आणि ज्यांच्या हाती ते पडले त्यांच्या मनात तिसरेच काही होते. तरीही तिघांनाही ते एकाच बाकावर बसून वाचणे मान्य करावे लागले. प्रत्येक विद्यार्थ्याने, त्याचा मुख्य विषय कोणताही असो, अमुक एक गोष्ट शिकलीच पाहिजे, या आग्रहाला आज सामान्य शिक्षणाची अट म्हणतात. आपल्याकडे या अटीचा सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त अवतार म्हणजे ख्रिस्ती महाविद्यालयांतील बायबलचा तास होय.

डफ यांच्या आधी एक वेगळा प्रयोग झाला होता. बंगालमधील श्रीरामपूर येथे (नगर जिल्ह्यातील गावाशी त्याचा संबंध नाही) विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या बॅप्टिस्ट त्रयीने १८१८ मध्ये महाविद्यालय स्थापन केले. आशियाई ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवणे हा त्याचा उद्देश त्यांनी संस्थेच्या पत्रकातच नोंदवला होता. ‘व इतर’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आरंभीच्या ३७ विद्यार्थ्यांपैकी १९ ख्रिस्ती होते. उरलेले बहुतेक हिंदू. केरी यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांनी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवली आणि १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. भाषेची अशी ओढ असलेल्या माणसाच्या अभ्यासक्रमात संस्कृतला मानाचे स्थान मिळावे, हे ओघानेच आले. ख्रिस्ती विद्यार्थ्याला या देशात आपल्या धर्माविषयी बोलायचे असेल तर ब्राह्मण पंडिताइतकेच संस्कृत त्याला आले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. येथे सक्तीचे तोंड उलट दिशेला होते. हिंदूने बायबल वाचावे यापेक्षा ख्रिस्त्याने हिंदूंचे वाङ्मय वाचावे यावर भर अधिक होता.

श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ मध्ये महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. म्हणजे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठांच्या तीस वर्षे आधी भारताच्या भूमीवर कायद्याने एक ख्रिस्ती विद्यापीठ अस्तित्वात आले होते. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव इंग्रजांना विकले तेव्हाही सनद कायम राहिली. पण तो अधिकार दीर्घकाळ वापरलाच गेला नाही. महाविद्यालय पुढे कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न झाले, आणि सनदेच्या आधारे ईश्वरविद्येच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९१५ मध्ये. अभ्यासक्रम स्वतः ठरवण्याचे स्वातंत्र्य ज्या एका संस्थेपाशी होते, तिने ते जवळजवळ नव्वद वर्षे पेटीत ठेवले. त्यामागे पैशाची टंचाई होती आणि इंग्रजी शिक्षणाचा वाढता ओघही होता.

त्या ओघाला वाट करून दिली ती डफ यांनी. त्यांच्या योजनेत संस्कृतला स्थान नव्हते. इंग्रजी भाषा, पाश्चात्त्य विज्ञान आणि बायबल ही तीन अंगे एकमेकांत गुंफलेली असावीत, भूगोल आणि खगोल शिकता शिकता जुन्या समजुती ढासळाव्यात आणि रिकाम्या झालेल्या जागी नवा धर्म यावा, असा त्यांचा हिशेब होता. विद्यार्थ्यांचा पूर लोटला. धर्मांतरे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच झाली. परंतु जी झाली त्यांनी शहरे हादरली. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील मुले भराभर निघून गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या धर्मांतरानंतर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत घरी आणण्याचा खटला झाला, आणि त्याला स्वजातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. सक्तीच्या तासाची भीती ज्यांना अतिशयोक्त वाटते त्यांनी हा काळ आठवावा. आईबापांच्या दृष्टीने तो एक तास म्हणजे मुलगा कायमचा गमावण्याची शक्यता होती. आणि तरीही ते मुलांना तेथे पाठवत राहिले, कारण इंग्रजी शिक्षण चांगले होते आणि शुल्क परवडणारे होते.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने चित्र बदलले. सरकारी शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील. खासगी संस्थांना अनुदान मिळेल. तेथे कोणता धर्म शिकवला जातो याची विचारपूस सरकारी निरीक्षक करणार नाही. मिशनरी संस्थांना यापेक्षा सोयीचे धोरण मिळणे कठीण होते. परंतु तीन वर्षांनी विद्यापीठे स्थापन झाली आणि त्यांनी परीक्षा आपल्या हाती घेतली. परीक्षेत बायबल नव्हते. ख्रिस्ती महाविद्यालय काय शिकवते हे आता विद्यापीठ ठरवू लागले, आणि त्याचे स्वतःचे म्हणता येईल असे जे उरले ते केवळ हा एक तास. पदवीला तो लागत नसे, पण चुकवताही येत नसे. ज्याला गुण नाहीत त्याकडे विद्यार्थी कोणत्या नजरेने पाहतो, हे कोणत्याही काळच्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. त्या तासाला इतर विषयांची पुस्तके मांडीवर उघडली जात असतील, याची कल्पना करायला फारसे धाडस लागत नाही.

ही अडचण ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखली आणि तिच्यातून एक तत्त्वज्ञानच उभे केले, तो माणूस विल्यम मिलर. १८६२ मध्ये ते मद्रासला आले. जॉन अँडरसन यांनी १८३७ मध्ये सुरू केलेली शाळा त्या वेळी मोडकळीस आली होती. मिलर यांनी तिचे महाविद्यालय केले. १८७७ मध्ये इतर मिशनांचे साहाय्य मिळवून त्यातून मद्रास ख्रिश्चन कॉलेज उभे केले, आणि १९०७ पर्यंत ते चालवले. त्यासाठी त्यांनी स्वतःची संपत्तीही खर्च केली. दक्षिण भारतातील कितीतरी वकील, न्यायाधीश, संपादक आणि दिवाण या एका संस्थेतून बाहेर पडले. त्यांच्यात ख्रिस्ती झालेले अगदी थोडे.

स्कॉटलंडमध्ये यावर टीका होई. देणगीदार विचारत, इतका पैसा खर्चून माणसे किती मिळाली? मिलर यांचे उत्तर असे होते की हा प्रश्नच चुकीचा आहे. १८७२च्या अखेरीस अलाहाबाद येथे भरलेल्या मिशनरी परिषदेत आणि नंतरही त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: महाविद्यालयाचे काम व्यक्तींना धर्मांतरित करण्याचे नसून, समाजाच्या विचारात आणि नीतिकल्पनांत ख्रिस्ती भाव हळूहळू झिरपवण्याचे आहे. पेरणाऱ्याने कापणीची वाट पाहू नये; कापणी दुसऱ्याच पिढीत, कदाचित दुसऱ्याच रूपात होईल. या भूमिकेला पुढे प्रसरणाचा सिद्धान्त म्हणत. तिच्यात चातुर्य आहे, हे नाकारता येत नाही, कारण अपयशाची नोंद करण्याचे मापच ती काढून घेते. पण तिच्यात एक उदारपणाही आहे. ज्याला विद्यार्थ्याचे नाव चर्चच्या वहीत नोंदवायचे नाही, तो त्याच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू शकतो. मिलर शेक्सपिअरवर व्याख्याने देत. १९०० मध्ये त्यांनी ‘किंग लिअर’ आणि भारतीय राजकारण यांचा संबंध जोडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बायबलचा तास आणि शेक्सपिअरचा तास यांतील भिंत त्यांच्या हातून पातळ झाली, असे म्हणता येईल. १९०१ मध्ये, ते हयात असतानाच, त्यांचा पुतळा मद्रासमध्ये उभा राहिला. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांत हिंदूंचाच भरणा होता. हे प्रसरण होते की नुसती गुरुभक्ती, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

१८८२ च्या हंटर आयोगावर मिलर सदस्य होते, आणि मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते. ही दोन माणसे एका टेबलाशी बसलेली डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहेत. एक बायबलचा तास चालवणारा प्राचार्य. दुसरा एल्फिन्स्टनमध्ये धर्मनिरपेक्ष शिक्षण घेतलेला, भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद नुकताच प्रसिद्ध केलेला विद्वान. सरकारी महाविद्यालयांत धर्म नाही, म्हणून तेथील विद्यार्थी नीतिहीन होतात, अशी ओरड तेव्हा होती. त्यावर आयोगाने दोन उपाय सुचवले. सर्व धर्मांना समान असलेल्या नैसर्गिक धर्माच्या तत्त्वांवर आधारलेले नीतीचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे, आणि प्रत्येक महाविद्यालयात प्राचार्याने वा प्राध्यापकाने दर सत्रात माणसाची आणि नागरिकाची कर्तव्ये या विषयावर व्याख्याने द्यावीत. अनुदानित संस्थांनाही हे लागू होते. म्हणजे ही देशभरच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी सुचवलेली सामान्य शिक्षणाची अटच होती. तेलंगांनी आपली असहमती स्वतंत्र टिप्पणीत नोंदवली. एका धर्माच्या पुस्तकाची सक्ती नको, एवढ्यावर थांबणे त्यांना सोपे होते. त्यांनी त्यापुढे जाऊन, कोणत्याही धर्माचे नसलेल्या नीतिपुस्तकाबद्दलही शंका घेतली, ही गोष्ट आजही विचारात घेण्याजोगी आहे.

याच आयोगाने आणखी एक शिफारस केली. एखाद्या गावात त्या दर्जाची एकच संस्था असेल आणि तेथे धर्मशिक्षण नेहमीच्या अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर आईबापांना आपल्या मुलाला त्या तासातून काढून घेता यावे, आणि त्यामुळे संस्थेच्या इतर लाभांस तो मुकू नये. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने अशी सूट आधीच दिली होती. तिला ‘कॉन्शन्स क्लॉज’ म्हणत. जी सवलत लंडनमधील आईबापांना मिळाली ती मद्रासमधील आईबापांना का नाही, हा प्रश्न तर्काने अडवण्यासारखा नव्हता. १९१० च्या दशकात तो नेटाने मांडणाऱ्यांत व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. ते पूर्वी ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, आणि गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले. मिशनांचा प्रतिवाद असा की कोणी कोणाला आमच्याकडे बळजबरीने आणत नाही; ज्यांना हा तास नको त्यांनी दुसरीकडे जावे. ‘दुसरीकडे’ पुष्कळ ठिकाणी नव्हतेच, आणि मिशनांच्या शाळा सार्वजनिक पैशातून अनुदान घेत होत्या. या दोन मुद्द्यांना त्यांच्यापाशी चांगले उत्तर नव्हते. १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतासारख्या ठिकाणी अनुदानाच्या नियमांत सुटीचे कलम आले. मिशनऱ्यांतही मतभेद होते. सक्तीने ऐकलेला उपदेश कानाच्या आत जात नाही, असे मानणारे त्यांच्यातही होतेच.

हा वाद पेटण्याच्या थोडे आधी, १९०४ मध्ये, तिरुत्तणीचा एक सोळा वर्षांचा मुलगा वेल्लोरच्या मिशन कॉलेजातून मद्रास ख्रिश्चन कॉलेजात आला. त्याने तत्त्वज्ञान हा विषय घेतला तो विचारपूर्वक नव्हे. त्याच वेळी पदवीधर झालेल्या एका नातेवाइकाने आपली तत्त्वज्ञानाची पुस्तके त्याला दिली, आणि ती विकत घेण्याचा खर्च वाचला. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या विद्यार्थिदशेतील हा योगायोग प्रसिद्ध आहे. त्याच्याइतकीच प्रसिद्ध नसलेली गोष्ट ही की त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते अभ्यासक्रमाच्या कडेला असलेल्या तासांमुळे. मिशनरी प्राध्यापकांकडून हिंदू विचारावर होणारी टीका त्यांना बोचत असे. हिंदू तत्त्वज्ञानात नीतीला स्थान नाही, जग मिथ्या मानणाऱ्याला सत्कर्माचे कारण उरत नाही, असा तो आक्षेप होता. विवेकानंदांच्या व्याख्यानांनी त्यांचा स्वाभिमान जागा झाला होता. आता तो दुखावला गेला. १९०८ मध्ये त्यांनी एम. ए. साठी प्रबंध लिहिला तो वेदान्तातील नीतिशास्त्रावर, म्हणजे थेट त्या आक्षेपावर. त्यांचे प्राध्यापक ए. जी. हॉग स्वतः कर्मसिद्धान्ताचे कसून परीक्षण करणारे ख्रिस्ती विचारवंत होते. विद्यार्थ्याने आपलेच मत खोडून काढायला घेतले आहे हे त्यांना दिसत नसणार असे नाही. त्यांनी त्या प्रबंधाची मनापासून प्रशंसा केली.

येथे एक साखळी लक्षात येते. विवेकानंदही अशाच एका महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, आणि ते महाविद्यालय डफ यांनी स्थापलेलेच होते. तेथील प्राचार्य विल्यम हेस्टी यांनी वर्ड्‌स्वर्थची एक दीर्घकविता शिकवताना समाधीचा उल्लेख आला, तेव्हा असा अनुभव पाहायचा असेल तर दक्षिणेश्वरच्या रामकृष्णांकडे जा, असे सांगितल्याची आठवण विवेकानंदांच्या चरित्रांत नोंदलेली आहे. फिरंगी कमल बोस यांच्या घरात मुलांच्या हाती जे पुस्तक दिले गेले त्यापासून दक्षिणेश्वरपर्यंत, आणि तेथून मद्रासमधील वेदान्तावरच्या प्रबंधापर्यंत जी वाट गेली, ती आखणाऱ्यांपैकी कोणाच्याही नकाशावर नव्हती. मिलर म्हणाले असते की हेच ते प्रसरण. पण जे पसरले ते त्यांनी पेरलेले होते का, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून पांडुरंग वामन काणे बाहेर पडले आणि त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. तेथेही कार्यकारणाची रेषा ओढण्याचा मोह आवरलेला बरा.

१९३०-३१ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एका आयोगाने भारतभरच्या ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी केली. त्याचे सचिव निकोल मॅकनिकोल हे महाराष्ट्रात दीर्घकाळ राहिलेले, मराठी संतांच्या १०८ पदांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेले गृहस्थ होते. आयोगाचे निदान कठोर होते. ही महाविद्यालये परीक्षेची गुलाम झाली आहेत. धर्माचा तास शिकवणुकीच्या मुख्य प्रवाहापासून तुटून एका कोपऱ्यात पडला आहे. महाविद्यालयाने भोवतालच्या समाजाच्या प्रश्नांवर संशोधन आणि विस्तारकार्य केले तरच त्याचे वेगळेपण टिकेल. अहवाल गाजला, पण अंमल थोडा झाला. विशेष हे की लिंडसे यांनी पुढे इंग्लंडमध्ये कील येथे नवी संस्था उभारली आणि १९५० पासून तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला पहिले वर्ष पायाभूत अभ्यासाचे ठेवले. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही विज्ञान, विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही इतिहास. भारतात पाहिलेल्या परीक्षाग्रस्त शिक्षणाचा या कल्पनेत किती वाटा होता हे सांगणे अवघड, पण तो प्रश्न त्यांच्यासमोर आधीच येऊन गेला होता खास.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारताने विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष राधाकृष्णन. सदस्यांत ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. तेही मद्रास ख्रिश्चन कॉलेजचेच विद्यार्थी. म्हणजे बायबलचा तास ज्यांनी बाकावर बसून अनुभवला होता अशी दोन माणसे आता देशाच्या पदवी-शिक्षणाचा आराखडा करणार होती. ऑगस्ट १९४९ मध्ये आलेल्या अहवालात सामान्य शिक्षणावर स्वतंत्र विवेचन आहे, आणि धर्मशिक्षणावरही. दिवसाच्या कामाला काही मिनिटांच्या मौनचिंतनाने आरंभ करावा. पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, झरथुष्ट्र, सॉक्रेटिस, येशू, शंकर, रामानुज, मध्व, मुहंमद, कबीर, नानक, गांधी यांची चरित्रे शिकवावीत. दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतून निवडलेले, सर्वांना जवळचे वाटतील असे उतारे. तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मध्यवर्ती समस्या.

या यादीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मिलर यांच्या वर्गात एक पुस्तक होते. येथे अनेक आहेत. येशू आहे, पण रांगेत पाचवा. तास मात्र तोच आहे, आणि तो सर्वांसाठी आहे. ज्या सक्तीने राधाकृष्णन यांना डिवचले होते तिची रचना त्यांनी स्वीकारली आणि आशय बदलला. त्याचे समर्थन करता येते, आणि तेलंगांनी सहा दशकांपूर्वी उभा केलेला प्रश्न पुन्हा विचारताही येतो: सर्व धर्मांतून निवडलेले, कोणालाच न बोचणारे उतारे वाचून तसा प्रबंध लिहिण्याची ईर्षा एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात निर्माण झाली असती का?

दरम्यान सक्तीचा कायदेशीर प्रश्न संविधानाने मिटवला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या अनुच्छेद २८ नुसार, राज्याची मान्यता वा मदत असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणात भाग घ्यावा लागणार नाही. श्रीनिवास शास्त्रींची मागणी मूलभूत हक्क बनली. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्कही दिला. अनेक ख्रिस्ती महाविद्यालयांनी मग वेळापत्रकात दोन रकाने केले: ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षण, इतरांसाठी नीतिशिक्षण. आयोगाची सामान्य शिक्षणाची कल्पना १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बडोदा, अलीगढ, उस्मानिया अशा विद्यापीठांत राबवली गेली. पुढे विशेष विषयांच्या रेट्यात ती विरत गेली.

‘नीतिशिक्षण’ या शब्दाची जागा नंतर बऱ्याच ठिकाणी ‘मूल्यशिक्षण’ या शब्दाने घेतली. स्वायत्त झालेल्या महाविद्यालयांनी त्याला श्रेयांकही दिले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट जाहीर केली, तीत सर्व विद्यार्थ्यांना समान असे मूल्यवर्धक अभ्यासक्रम सहा ते आठ श्रेयांकांचे आहेत. भारताची ओळख, पर्यावरण, योग आणि आरोग्य असे त्यांचे विषय. मिलर यांच्या वर्गात त्या तासाला गुण नव्हते; आता त्याची परीक्षा होते, आणि गुणपत्रिकेत त्याची वेगळी ओळ असते.